बारीक झाल्यावर शिवू, असं म्हणू नका

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकच्या मेन रोडवर, दहीपुलावर आणि रविवार कारंजाला पाय ठेवायला जागा उरत नाही. साड्या, मॅचिंग, फॉल-पिको आणि पुन्हा मॅचिंग. या गर्दीत एक बाई दरवर्षी असते. सुनेसाठी, भाचीसाठी, विहिणीसाठी हौसेने सगळं घेते आणि स्वतःची वेळ आली की म्हणते, "माझं राहू दे गं, जरा बारीक झाले की शिवीन." ती बाई तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय.

तुमचं कपाट मी न बघताही सांगते. एक पैठणी, घडी न मोडलेली. तीन-चार ब्लाउजपीस. दोन साइज लहान असलेला एक कुर्ता, 'कधीतरी होईल' म्हणून घेतलेला. आणि रोज घालायला तेच ढगळे गाऊन नाहीतर नवऱ्याचे जुने टी-शर्ट. वजन उतरायचं तेव्हा उतरेल. तोवर घरात चार लग्नं होऊन जातात आणि फोटोत तुम्ही सगळ्यात मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड उभ्या असता.

येवला आपल्याच जिल्ह्यातलं. तिथे मागावर पैठणी विणली जाते तेव्हा विणकर कुणाची कंबर विचारत नाही. साडेपाच मीटर साडी, वर ब्लाउजपीस, झालं. आपल्या आज्या-पणज्या नऊवारीत वावरल्या. त्यांत किडकिडीत होत्या तशा चांगल्या धिप्पाडही होत्या. बाळंतपणांनी, वयाने अंग बदललं तरी लुगडं तेच चालायचं. आता पाडव्याच्या शोभायात्रेसाठी शिवलेली नऊवारी मिळते आणि तिच्यावर एम, एल, डबल एक्सएल असे शिक्के असतात. जिला कधी माप नव्हतं, तिलाही आपण माप लावलं! शिवलेली नऊवारी वाईट नाही, गाडीवर बसायला सोयीचीच आहे. पण ती बसत नाही म्हणून शोभायात्रेलाच न जाणाऱ्या मुली आहेत, त्यांना सांगते: न शिवलेली आण आणि शेजारच्या आजींना नेसवायला सांग. त्या वाटच बघत असतील.

खरी अडचण साडीची नसतेच, ब्लाउजची असते. साडीबरोबर येणारं ब्लाउजपीस साधारण 80 सेंटिमीटरचं. छाती 42 इंचांच्या पुढे आणि बाह्या कोपरापर्यंत हव्या असतील तर ते पुरत नाही. मग कापड पुरवायला मुंढा आवळला जातो, बाही आखूड होते आणि तुम्ही दिवसभर दंडावर काच घेऊन फिरता. वर दंडालाच नावं ठेवता. त्यापेक्षा मॅचिंग सेंटरमधून मीटर-सव्वा मीटर कापड घ्या आणि साडीबरोबरच्या पीसचे काठ बाह्यांना लावून घ्या. साडी घेताना पन्हा विचारा. मागून अंग भरलेलं असलं की साडी वर चढते आणि घोटे उघडे पडतात, तिथे दोन-तीन इंच जास्त पन्हा कामी येतो. निऱ्या पाचच आल्या तरी काही बिघडत नाही.

सिडकोत एका बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणाऱ्या एक ताई आहेत. जुना ब्लाउज मापाला दिला की त्या तो बाजूला ठेवतात. टेप गळ्यात, पेन्सिल अंबाड्यात खोचलेली. छातीचं माप घेताना टेपच्या आत स्वतःची दोन बोटं घालतात. समोरची बाई हमखास पोट आत ओढते. "सोडा ते. लग्नात पाच तास आत धरून बसणार आहात का?" मग हात वर करायला लावतात, अक्षता टाकताना करतो तसा, आणि मुंढा पुन्हा मोजतात. भरलेल्या छातीला कटोरी किंवा प्रिन्सेस कट सुचवतात. दोन्ही बाजूंना आत दीड इंच माया सोडतात आणि शेजारी शेजारी तीन टिपा मारतात. अंग वाढलं तर एक टीप उसवायची, उतरलं तर एक मारायची. आपल्या शिंप्याकडून हे मागून घ्या. आणि मापाला जाताना आतलं वस्त्र मापाचं घाला, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया.

परकराचंही बघा. अरुंद घेराचा परकर पायांत अडकतो, म्हणून सहा कळ्यांचा शिवून घ्या आणि बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा लावा. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायकांची नोंद केली होती. कंबरेला वर्षानुवर्षं साडी किंवा परकर घट्ट आवळून झालेल्या जखमेत पुढे कर्करोग आढळला. असं फार क्वचित होतं, घाबरून जाऊ नका. पण कंबरेवर काळा वळ उठला असेल तर आजच नाडी सैल करा. उन्हाळ्यात मांड्या घासत असतील तर आतून गुडघ्यापर्यंतची सुती शॉर्ट घाला. यात लाजण्यासारखं काय आहे? चालायचं तर आपल्यालाच आहे.

तयार कपड्यांचं म्हणाल, तर कॉलेज रोडच्या दुकानात पाऊल टाकताच "तुमच्या साइजमध्ये नाही येणार" हे ऐकून बाहेर पडलेल्या अनेक जणी आहेत. एका कंपनीचा एक्सएल दुसरीच्या एलएवढा असतो, कारण भारतीय अंगाचा असा पक्का तक्ताच आपल्याकडे नव्हता, परदेशी तक्ते इकडेतिकडे फिरवून काम भागवलं गेलं. म्हणून तर निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने 'इंडियासाइज' नावाचा प्रकल्प घेतला, मुंबईसह 6 शहरांत 25 हजार लोकांची मापं थ्री-डी स्कॅनरने घ्यायची, असा. असा तक्ता दुकानांत रुळेपर्यंत शिक्क्यावरच्या अक्षरावर रुसू नका. कपड्यावर सेंटिमीटरमध्येही माप छापणं बंधनकारक आहे, ते वाचा. छाती, कंबर आणि नितंब यांची स्वतःची मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. खांदा बसतोय ना, एवढं आधी बघा. कंबर आत घेता येते, उंची कमी करता येते, पण खांदा चुकला की कपडा गेला.

आणि 'काळंच घाल', 'आडव्या रेघा नको' हे सल्ले ऐकून सोडून द्या. पैठणीचा भरजरी काठ घोट्याभोवती आडवाच फिरतो, त्याने आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही. डाळिंबी आवडतो तर डाळिंबी घाला.

नातेवाइकांना मात्र दोन शब्द सुनवायचे आहेत. बाळ गुटगुटीत असलं की आपण दृष्ट काढतो, आणि तीच मुलगी चौदा वर्षांची झाली की "किती सुटलीस गं" म्हणून तिच्या ताटाकडे बघतो. मावशी, काकू, आत्या, कार्यात भेटल्यावर पहिलं वाक्य वजनाचं नको. तिला थायरॉइड आहे, पीसीओडी आहे की नुकतंच बाळंतपण झालंय, हे तुम्हाला ठाऊक नसतं. घरात आरसा असतो, तिला कळतं. 'सुंदरा मनामध्ये भरली' ही मालिका 2020 मध्ये सुरू झाली, तिची नायिका लतिका वजनदार होती आणि अक्षया नाईकने तिला दोन वर्षं घराघरांत नेलं. पण बाकीच्या मालिकांत, विनोदी कार्यक्रमांत जाड बाई अजून हसण्यापुरतीच येते. आपण तो विनोद लग्नाच्या हॉलवर घेऊन येऊ नये.

तब्येतीचं काय, असं कुणी विचारेल. साखर, रक्तदाब, गुडघे यांकडे लक्ष द्यायलाच हवं, डॉक्टरांकडे जा, गोदाकाठी सकाळी फिरा. पण ढगळा गाऊन घालून साखर उतरत नाही. उलट अंगाला नीट बसणारा सुती कुर्ता आणि लेगिंग असली की बाई फिरायला तरी बाहेर पडते.

पुरुषांनीही हसू नये. पोटाखाली पँट बांधून, बटणं ताणलेला शर्ट घालणारे कार्यालयात डझनाने दिसतात. तुम्हीही शिंप्याकडे जा.

दुकानदारांना एवढीच विनंती की काचेतल्या पुतळ्यांत एक तरी भरलेल्या अंगाचा ठेवा, आणि मोठी मापं मागच्या गोदामातून शोधून आणायची वेळ येऊ देऊ नका. पैसे आमचेही तेवढेच खरे असतात.

तर कपाटातलं ते ब्लाउजपीस या आठवड्यात बाहेर काढा. आजच्या अंगाचं माप द्या, माया सोडायला सांगा. लग्नसराईत शिंपी पंधरा दिवसांच्या आत काही देत नाहीत.