मोफत केसपेपर पुरेसा नाही

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या सर्व संस्थांमधले शुल्क माफ केले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासण्या, दाखल होणे, उपचार यांपैकी कशालाही पैसे नाहीत. शिधापत्रिका पिवळी, केशरी की पांढरी, हेही विचारायचे नाही. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. कागदावर पाहिले तर ‘सरकारने सर्व नागरिकांना मोफत आरोग्यसेवा द्यावी का’ या प्रश्नाचे उत्तर राज्याने देऊन टाकले आहे.

या मासिकाचे उत्तरही ‘होय’ असेच आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या मासिकाने हे म्हणावे याचे काही वाचकांना नवल वाटेल, म्हणून आमची भूमिका स्पष्ट करतो. आजारपण माणूस निवडत नाही आणि त्याचा खर्च आधी ठरवता येत नाही. ज्या क्षणी उपचार हवा असतो, त्याच क्षणी घरातली कमावती व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असते. त्या क्षणी रुग्णाकडे पैसे मागावे लागू नयेत, अशी व्यवस्था उभी करणे हे सरकारचे काम आहे. मात्र आजवर सरकारने केले आहे ते त्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग अजून उरला आहे, आणि तो आपल्या, म्हणजे तालुक्यातल्या आणि वस्तीतल्या डॉक्टरांच्या सहभागाशिवाय होणार नाही.

हा विचार काही आजचा नाही. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात म्हटले होते की, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथलीच. त्या अहवालाचा भर गावाजवळच्या पहिल्या पायरीवर होता. प्रतिबंध आणि उपचार एकाच हाताने व्हावेत, असा त्याचा आग्रह होता. पुढच्या दशकांत इमारती उभ्या राहिल्या, पण त्या पायरीवर डॉक्टर आणि औषध रोज असेल याची हमी कधीच मिळाली नाही.

शुल्कमाफीने नेमके काय बदलले? रांग वाढली, आणि ते चांगलेच झाले. जो आधी घरीच दुखणे काढत होता, तो दवाखान्यात आला. पण रांग वाढते तेव्हा औषधसाठा, परिचारिका, तंत्रज्ञ आणि वैद्यकीय अधिकारी हेही वाढावे लागतात. ते वाढले नाहीत तर केसपेपर फुकट मिळतो आणि सोबत बाहेरून औषध आणायची चिठ्ठीही मिळते. रुग्णाच्या खिशातून खरा पैसा जातो तो मेडिकल दुकानात. केसपेपरचे शुल्क त्याच्यापुढे काहीच नव्हते. रिक्त पदे, अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर चाललेले कंत्राटी कर्मचारी, दुरुस्तीअभावी पडून असलेले एक्स-रे यंत्र यांतले काहीही शुल्क माफ केल्याने दुरुस्त होत नाही.

या शुल्कमाफीचा आणखी एक दोष आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालये आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात नव्हती, पण सर्वांत गंभीर रुग्ण शेवटी तिथेच पोचतात. शुल्कमाफीनंतर दोनच महिन्यांच्या आत, सप्टेंबरअखेरीस आणि १ ऑक्टोबर २०२३ ला, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मनुष्यबळाबद्दल व तरतुदीबद्दल सरकारला प्रश्न विचारले. आपण, जे रुग्णाला ‘आता मोठ्या दवाखान्यात न्या’ असे सांगतो, त्यांनीही ते प्रश्न सतत विचारत राहिले पाहिजेत.

आता फुले योजनेकडे वळू. तेव्हा जीवनदायी या नावाने ती २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर राज्यभर गेली. तिने हजारो कुटुंबांना जमीन विकण्यापासून वाचवले आहे. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, केमोथेरपी ज्या घरांत कधी परवडली नसती, तिथे ती झाली. हे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे. २०२४ मध्ये १,३५६ उपचार तिच्या यादीत होते. पण पाठपुराव्याचे काही ठरावीक अपवाद सोडले, तर ही योजना रुग्ण दाखल झाल्यावरच सुरू होते. तुमच्या दवाखान्यातल्या सत्तावन्न वर्षांच्या रक्तदाबाच्या रुग्णाचा विचार करा. त्याची रोजची गोळी, वर्षातून एकदा करायची क्रिएटिनिनची तपासणी, ईसीजी, तुमची फी यांतले काहीच योजनेत नाही. हंगाम वाईट गेला की तो गोळी बंद करतो. पुढे पक्षाघात झाला की मात्र अंगीकृत रुग्णालयात त्याच्यासाठी लाखांची सोय आहे. पक्षाघात टाळण्यासाठी मात्र एक रुपयाही नाही. अशी रचना वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहे आणि हिशेबाच्या दृष्टीनेही.

देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे घट मोठी आहे. तरीही जे उरले आहे त्यात सर्वांत मोठा भार औषधांचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचा आहे. रुग्णालयातल्या मोठ्या बिलाची बातमी होते. दरमहा आठशे-हजार रुपये वर्षानुवर्षे देणाऱ्या मधुमेही शेतमजुराची होत नाही.

पहिली पायरी मजबूत करता येते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. त्याची रीत साधी आहे. राज्यभर एकच उपचारपद्धती ठरलेली असते, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी मोजकी औषधे सतत साठ्यात ठेवली जातात, रुग्णाला एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या मिळतात, प्रत्येकाची नोंद राहते, आणि जो आला नाही त्याला परिचारिका किंवा आशाताई गाठतात. इथे महागडे तंत्रज्ञान काहीच नाही. फक्त औषध संपू द्यायचे नाही आणि रुग्ण हरवू द्यायचा नाही, एवढीच शिस्त आहे. तमिळनाडूने १९९० च्या दशकात स्वतंत्र औषध खरेदी महामंडळ उभारून सरकारी दवाखान्यांच्या कपाटातला खडखडाट बराच कमी केला. महाराष्ट्राने खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, मग २०२३ मध्ये कायदा करून नवे प्राधिकरण केले. प्राधिकरणाचे यश किती निविदा काढल्या यावर ठरवू नये. जव्हारच्या किंवा धडगावच्या उपकेंद्रात महिन्याच्या अखेरीस गोळी शिल्लक आहे का, हीच त्याची कसोटी असावी.

आपल्या व्यवसायात दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, फुकट मिळते त्याची लोकांना किंमत नसते. अनुभव उलट सांगतो. पोलिओचे डोस फुकट होते आणि माता मुलांना काखेत घेऊन बूथवर आल्या. क्षयाची औषधे फुकट आहेत. एचआयव्हीची औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात आणि त्यामुळे लाखो माणसे आज कामावर जात आहेत. लोक उपचार अर्धवट सोडतात ते खेप वाया जाते म्हणून, मजुरी बुडते म्हणून, आणि कपाट रिकामे असते म्हणून.

दुसरा आक्षेप असा की, गरिबांना द्या, ऐपत असणाऱ्यांना कशाला? हा प्रश्न न्याय्य वाटतो, पण व्यवहारात तो गरिबालाच अडवतो. गरिबी सिद्ध करायला तहसीलदाराचा दाखला लागतो आणि रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापुरात किंवा सीमेपलीकडे बेळगावात आजारी पडतो, तेव्हा त्याची कागदपत्रे गावी पेटीत असतात. शिवाय शिक्षक, तलाठी, दुकानदार जोवर त्याच रांगेत उभे राहत नाहीत, तोवर त्या रांगेसाठी कोणी आवाज उठवत नाही. सर्वांची असलेली सेवाच टिकते आणि सुधारते. श्रीमंतांकडून पैसा घ्यायचाच असेल तर तो करातून घ्यावा.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न टाळता येणार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्यावर खर्च करावा, असेही त्या धोरणात आहे. महाराष्ट्र त्या उद्दिष्टापासून दूर आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेचे राज्य या बाबतीत मागे राहते, याला ऐपतीचे कारण देता येणार नाही. थायलंडने २००२ मध्ये तीस बाटची योजना आणून सर्वांना संरक्षण दिले, तेव्हा तो श्रीमंत देश नव्हता. पण त्याआधी, १९८० च्या दशकात, त्याने शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरचा नवा खर्च रोखून ग्रामीण रुग्णालये बांधली होती. आधी पायरी बांधली, मग दार उघडले.

आणि आता आपला स्वतःचा प्रश्न. मोफत सेवा आली तर खासगी डॉक्टरचे काय? ५ जुलै १९४८ ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा हीच भीती तिथे होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या मतदानात डॉक्टरांनी प्रचंड बहुमताने विरोध केला होता. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी कौटुंबिक डॉक्टरांना सरकारी नोकर न करता त्यांच्याशी करार केला. दवाखाना डॉक्टरचा राहिला आणि मोबदला त्याच्याकडे नोंदवलेल्या माणसांच्या संख्येनुसार सरकारकडून मिळू लागला. त्या सेवेवर आज मोठा ताण आहे. २०२३ मध्ये उपचारांच्या प्रतीक्षायादीतल्या नोंदी ७० लाखांवर गेल्या होत्या. निधी आणि माणसे कमी पडली की मोफत सेवेत माणूस थांबून राहतो, ही गंभीर सूचना आहे. पण पंचाहत्तर वर्षांनंतरही तिथला रुग्ण डॉक्टरकडे जाताना पाकीट चाचपत नाही.

राजस्थानने २१ मार्च २०२३ ला आरोग्यहक्काचा कायदा मंजूर केला, तेव्हा खासगी डॉक्टरांनी संप केला. आणीबाणीत आगाऊ पैसे न घेता उपचार करा, पण भरपाई कोण, किती आणि कधी देणार, हे त्यात पुरेसे स्पष्ट नव्हते. ती शंका खरी होती. ४ एप्रिलला समझोता झाला आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची तसेच सरकारी सवलत न घेतलेली रुग्णालये वगळली गेली. डॉक्टरांनी आपला मुद्दा जिंकला, पण लोकांच्या मनात ‘डॉक्टर आमच्या हक्काविरुद्ध’ असे चित्र राहिले. महाराष्ट्रात अशी वेळ येण्याआधी आपण स्वतःहून प्रस्ताव ठेवला पाहिजे.

तो असा असावा. ज्या सामान्य व्यावसायिकाची इच्छा आहे त्याच्याशी, तो एमबीबीएस असो वा बीएएमएस, बीएचएमएस, त्याच्या कायदेशीर कक्षेत सरकारने लेखी करार करावा. त्याच्याकडे ठरावीक कुटुंबे नोंदवावीत. रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, बालकांचे आजार यांची बाह्यरुग्ण सेवा रुग्णाला मोफत असावी. औषधे आणि मूलभूत तपासण्या सरकारी साठ्यातून मिळाव्यात. मोबदला माणशी असावा, महागाईनुसार वाढावा आणि ठरलेल्या तारखेला खात्यात जमा व्हावा. उशीर झाल्यास त्यावर व्याज असावे. अंगीकृत रुग्णालयांचे क्लेम महिनोनमहिने अडकतात, हा अनुभव पहिल्या पायरीवर पुन्हा येऊ नये. दवाखान्यातल्या भांडणतंट्याचे आणि हल्ल्यांचे उत्तरही याच करारात असावे.

बदल्यात आपणही काही द्यायला हवे. ठरलेली उपचारपद्धती पाळावी लागेल, नोंदी उघड ठेवाव्या लागतील, अनावश्यक सलाइन आणि इंजेक्शने बंद करावी लागतील, आणि रुग्ण पुढे पाठवण्याबद्दलचे कमिशन नाकारावे लागेल. या अटी जाचक वाटतील. पण कट देण्याघेण्याच्या बाजारात सर्वांत जास्त दबला गेला आहे तो प्रामाणिक सामान्य डॉक्टरच. माणशी ठरावीक मोबदला मिळाला तर रुग्ण निरोगी राहण्यातच डॉक्टरचाही फायदा असेल.

तालुका आणि जिल्हा संघटनांना आमची विनंती आहे की, येत्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अटींवर मोकळेपणाने वाद घालावा आणि आपला मसुदा आरोग्यमंत्र्यांना व आपल्या आमदाराला अर्थसंकल्पापूर्वी द्यावा. सर्वांना मोफत आरोग्यसेवा हवी, आणि ती देणाऱ्यांत आम्ही आहोत, हे डॉक्टरांनी आधी म्हटले तर अटी ठरवताना टेबलावर आपल्याला जागा असेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या रुग्णाची गोळी बंद होणार नाही.