हसायचे कोणाला?

विनोदी सिनेमा म्हटला की तोतरा, बहिरा, काळा किंवा परक्या मुलखातला नोकर हसण्यासाठी ठेवलेलाच असतो. मालकाला सहसा कोणी हसत नाही. फ्रान्समध्ये १९७३ साली एका चित्रपटाने हा रिवाज उलटा केला. नाव 'राब्बी जाकोबची साहसे'. राब्बी म्हणजे ज्यू लोकांचा धर्मगुरू. दिग्दर्शक जेरार उरी आणि प्रमुख भूमिकेत फ्रान्सचा लाडका विनोदी नट लुई द फ्युनेस.

कथेतला व्हिक्टर पिव्हेर हा कारखानदार. त्याला ज्यू नकोत, अरब नकोत, काळे नकोत. आणि वर म्हणतो, मी कुठे भेदभाव करतो? रस्त्यात काळ्या-गोऱ्यांचे लग्न दिसले की त्याचे तोंड वाकडे होते. आपला ड्रायव्हर सालोमन ज्यू आहे हे कळताच तो दचकतो. मग, असू दे, तरीही तुला कामावर ठेवतो, असा उपकाराचा आव आणतो. वाचकहो, हा सूर ज्याने ऐकला आहे, त्याला या हसण्यामागची सल वेगळी सांगावी लागत नाही. पुढे शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा वेळ झाला म्हणून सालोमन काम थांबवतो, तेव्हा मालक त्याला काढून टाकतो.

नंतर मारेकरी मागे लागतात आणि याच पिव्हेरला स्लिमान नावाच्या अरब क्रांतिकारक नेत्याबरोबर ज्यू धर्मगुरूचा वेष घ्यावा लागतो. पॅरिसच्या ज्यू वस्तीत लोक त्याला आपलाच समजून मिठी मारतात, नाचात ओढतात, मुलाला आशीर्वाद द्यायला सांगतात. ज्यांचा तो तिरस्कार करीत होता, त्यांच्याच मायेने त्याचा जीव वाचतो. शेवटी ज्यू सालोमन आणि अरब स्लिमान हातात हात देतात. ही दोन्ही नावे मुळात एकच! चित्रपट १८ ऑक्टोबर १९७३ रोजी लागला, तेव्हा ६ ऑक्टोबरला पेटलेले अरब-इस्रायल युद्ध चालूच होते. तरीही फ्रान्समध्ये सुमारे ७३ लाख तिकिटे खपली.

आता पडद्यामागे पाहू. खऱ्या राब्बी जाकोबच्या भूमिकेत मार्सेल दालिओ आहेत. ते स्वतः ज्यू. १९४० साली त्यांना फ्रान्स सोडून पळावे लागले. 'ज्यू कसा ओळखावा' हे शिकवण्यासाठी नाझींनी त्यांचाच चेहरा भित्तिपत्रकांवर छापला होता. तोच चेहरा पुढे पडद्यावर धर्मगुरू म्हणून सन्मानाने आला. संहितेच्या कामातही जोझी आयझेनबर्ग हे खरे राब्बी होते. म्हणून प्रार्थना, पोशाख, वस्ती यांची थट्टा झाली नाही.

परंतु अरबांच्या वाट्याला काय आले? स्लिमान शूर आहे, देखणा आहे, अखेरीस राष्ट्राध्यक्षही होतो. पण ती भूमिका क्लोद जिरो या फ्रेंच नटाने केली. स्लिमानच्या देशाला नावही नाही. काळे वऱ्हाडी तर येतात आणि जातात. फ्रान्सच्या कारखान्यांत त्या काळी अल्जीरिया, मोरोक्कोचे हजारो मजूर घाम गाळीत होते. त्यांच्यातला एकही या कथेत मोठे पात्र म्हणून दिसत नाही.

आमचे मत असे की, द्वेष करणाऱ्याला हास्यास्पद ठरवणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती या चित्रपटाने केली. पण कोणाची बाजू घेणे वेगळे आणि त्याला स्वतःची बाजू मांडायला जागा देणे वेगळे. ज्यूंना ती जागा मिळाली, अरबांना मिळाली नाही.

मुलाबाळांसह कोणताही विनोदी सिनेमा पाहताना घरात दोन प्रश्न जरूर विचारा : आपण हसतो आहोत ते कोणाला? आणि ज्याची गोष्ट चालली आहे, तो स्वतः त्यात आहे काय?