बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहा



‘ज्येष्ठांच्या अर्जांमुळे घरे मोडतात’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. मुलाला दिलेली मिळकत परत मागणारा अर्ज कर्जतच्या प्रांत कार्यालयात पोचतो तेव्हा घर आधीच मोडलेले असते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. खरी मेख त्या अटीत आहे. ती सिद्ध झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये म्हटले. जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने उदार अर्थ लावून एका आईचे बक्षीसपत्र रद्द केले खरे, पण तिच्या हाती मुलाचे लेखी वचन होते. आपल्याकडे कडाव-खालापूर पट्ट्यात फार्महाऊसांपायी जमिनीला भाव आला आहे आणि वचने मात्र तोंडीच दिली जातात!

अट लिहिणे म्हणजे मुलावर अविश्वास, असे कोणी म्हणेल. जो सांभाळणारच आहे, त्याचे त्या एका ओळीने काय जाते? कायद्याचा गैरवापर होतो, एक भाऊ आईला पुढे करून दुसऱ्याला अडकवतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण तिथेही लेखी अटच उपयोगी पडते: काय कबूल केले होते ते कागदावर असले, की प्रामाणिक मुलावर नंतर भलतीच अट लादता येत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवतानाच ज्येष्ठांना हे समजावून सांगणे सक्तीचे करावे.

— एक वाचक, कडाव (ता. कर्जत)