हा तास रद्द होऊ देऊ नका

वैभववाडी तालुक्यातल्या आयांनो, बापांनो आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांनो, शाळेतला एक तास वाचवायचा आहे. वयात येणाऱ्या मुलांना स्वतःच्या शरीराची माहिती देणारा तास. तसा तो आधीच अर्धामुर्धा होतो. आरोग्य खात्याच्या ताई येतात, मुलींना एका वर्गात बसवून दार लोटतात, पाळीबद्दल सांगतात, पॅड वाटतात. मुलगे तेवढा वेळ मैदानात. दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा पाठ आहे, तो पुष्कळदा ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो. एवढ्यावरही एखादा पालक मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो : “सर, ही नसती थेरं आमच्या पोरांना नकोत.” सर कशाला विकतचं दुखणं घेतील? तास जातो.

एकाच्या बोलण्याने जातो, कारण बाकीचे गप्प बसतात. २००७ साली सबंध महाराष्ट्रात हेच झालं. एचआयव्हीचा फैलाव रोखण्यासाठी केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला होता. त्यातल्या मजकुरावरून, चित्रांवरून गदारोळ उठला आणि राज्याने तो थांबवला. चित्रं खटकली तर चित्रं बदलायची. आपण शिक्षणच बंद केलं.

विरोध करणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही. ‘नको त्या वयात नको ते कळेल’ ही भीती आईबापांना वाटणारच. पण युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासले, त्यांत या शिक्षणामुळे मुलं लवकर त्या वाटेला लागतात असं आढळलं नाही. दुसरं ऐकू येतं ते, “आमका कोणी शिकवल्यान? नाय झाले संसार?” झाले. पण तेव्हा पोराच्या हातात मोबाइल नव्हता. टाळेबंदीत अभ्यासासाठी आपणच तो दिला, रेंजसाठी पोरांना डोंगरही चढायला लावला. अभ्यास संपल्यावर त्यावर काय दिसतं, हे मुलांना ठाऊक आहे. आपण तेवढं ठाऊक नसल्यासारखं करतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण. कितीतरी घरांत बापूस मुंबईला. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात दिसणार. चौदा वर्षांच्या पोराचा आवाज फुटतो, रात्री चड्डी ओली होते, तो घाबरतो. विचारणार कोणाला, आजीला? मग त्याला उत्तर मिळतं ते रुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींतून, ‘गुप्तरोग, शंभर टक्के इलाज’. निरोगी मुलाला रोगी ठरवून पैसे उकळणारा हा धंदा आपल्या गप्प राहण्यावर तर चालतो.

जिथे हा तास नीट होतो तिथे चिठ्ठ्यांचा डबा ठेवतात. नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. पाळीत देवळात गेलं तर काय होतं, छाती एका बाजूला लहान का, असलेच प्रश्न निघतात. आणि मध्येच एखादी चिठ्ठी वेगळी असते. घरी येणारा एक माणूस जवळ ओढून बसवतो, मला आवडत नाही, कोणाला सांगू? बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवा. या एका चिठ्ठीसाठी तो डबा हवा.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्येच, म्हणजे आपण कार्यक्रम थांबवला त्याच साली, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाला तोंड दिलं होतं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते, आणि आपण त्यांनाच मैदानात पाठवतो. छळणारे पुष्कळदा ओळखीचे, विश्वासातले. ज्या अवयवाचं नाव घेतलं तरी थोबाडीत बसते, तिथे कोणी हात लावला हे पोर घरात सांगणार कसं? २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला बालवर्गातल्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला तेव्हा लोक रुळांवर उतरले. ती वेळ यायच्या आधी शाळेच्या बैठकीला या.

हे शिक्षण म्हणजे परदेशातून आलेलं खूळ म्हणणाऱ्यांनी आपल्याच कोकणातल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांना आठवावं. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव, जन्म दापोलीजवळच्या मुरुडचा, १८८२ चा. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. दंड झाला, तरी अंक निघतच राहिला.

आपल्याला तर दंडाचंही भय नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात, समितीत निम्म्या बायका हव्यात असंही सांगितलंय. २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती आली. तुमच्या शाळेत ती भरते की फळ्यावरच आहे, विचारा. काय शिकवणार ते आधी आम्हाला दाखवा म्हणा, हवं तर पहिल्या तासाला मागे बसा. खटकेल ते सांगा, वगळायला लावा. पण तास मुलींचा आणि मुलग्यांचाही झाला पाहिजे, चिठ्ठ्यांचा डबा असला पाहिजे आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. हायस्कूलमध्ये हेच पालक-शिक्षक संघात मांडा. नुसतं बोलून उठू नका, इतिवृत्तात ठराव लिहून घ्या आणि खाली सह्या करा. बैठक शक्यतो चतुर्थीच्या सुट्टीत ठेवायला सांगा, म्हणजे मुंबईकर बापसांच्याही सह्या होतील.