आधी लेन्स, मग कॅमेरा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि विषय असा निवडलाय की अर्ध्या नातेवाइकांना वेडेपणा वाटेल. उरलेल्या अर्ध्यांना माझ्याबद्दल ते आधीच वाटतं. :)

विषय आहे फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा. रोल घालायचा, हाताने फोकस करायचा, छत्तीस फोटो संपेपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही. आमच्या भाच्याला असा कॅमेरा घ्यायचाय. पहिल्या नोकरीत वर्षभर साठवलेले पैसे आहेत आणि ते सगळे एका लायकाच्या बॉडीत घालायची त्याची तयारी आहे. लेन्स म्हणे नंतर बघू. फोनवर त्याच्याशी तासभर हुज्जत घातली. तेच जरा सविस्तर लिहितोय, कारण हल्ली त्याच्या वयाची बरीच मुलं फिल्मकडे वळलीयेत आणि बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात.

माझं मत असं, की रेंजफाइंडर घेताना आधी लेन्स ठरवावी, मग तिला साजेशी खिडकी असलेली बॉडी शोधावी. आणि नाव कोणतं कोरलंय ते सगळ्यात शेवटी बघावं.

ज्यांना रेंजफाइंडर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही. वर एक वेगळी खिडकी असते, तिच्या मध्यभागी एक छोटा चौकोन, आणि त्या चौकोनात समोरच्या वस्तूची दुहेरी प्रतिमा दिसते. लेन्सची कडी फिरवली की दोन प्रतिमा जवळ येत येत एकमेकींवर बसतात. बसल्या की फोकस झाला. ही युक्ती मुळात तोफखान्याची आणि आरमाराची. नगरच्या टँक म्युझियममध्ये पॅटन रणगाडा पाहिला असेल, तर त्याच्या बुरुजातही अंतर मोजायचं यंत्र असंच आडवं बसवलेलं असतं. दोन भिंगांमध्ये जितकं अंतर जास्त तितकं मोजमाप अचूक. रणगाड्याला बुरुजाची अख्खी रुंदी मिळते, कॅमेऱ्याला जेमतेम चार ते सात सेंटिमीटर.

आणि इथेच बॉडी-बॉडीमधला फरक सुरू होतो. १९५४ च्या लायका एम३ मध्ये हे अंतर सुमारे ६९ मिमी आहे आणि खिडकीतून चित्र जवळपास खऱ्या आकाराचं, म्हणजे ०.९१ पट दिसतं. दोन्हींचा गुणाकार ६३ च्या आसपास जातो. जपानच्या कोसिना कंपनीने २००० मध्ये फोक्टलेंडर नावाखाली बेसा आर काढला, त्यात हाच गुणाकार २५ च्या आसपास. मग एम३ चांगला आणि बेसा वाईट? छे. ९० मिमीची लेन्स पूर्ण उघडून जवळचा चेहरा टिपायचा असेल तर बेसा दगा देईल, हे खरं. पण ३५ मिमीच्या लेन्सला एवढी अचूकता लागतच नाही, तिथे २५ पुरून उरतात. उलट एम३ च्या खिडकीत ३५ ची चौकटच नाही! ५०, ९०, १३५ एवढ्याच चौकटी. ३५ लावायची तर वर वेगळी खिडकी बसवा किंवा चष्मा लावलेली खास लेन्स शोधा. ३५ ची चौकट नंतरच्या एम२ मध्ये आली. म्हणजे ज्या कॅमेऱ्याला लोक देव मानतात तो ३५ वाल्याच्या कामाचा नाही. लेन्स आधी ठरवा म्हणतो ते यासाठी.

(चष्मेवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. एम६ च्या नेहमीच्या ०.७२ खिडकीत २८ ची चौकट असते, पण चष्मा लावून तिच्या कडा दिसत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिलाय, डोळा काचेत घुसवावा लागतो.)

मग लेन्स कोणती? माझं उत्तर ३५, आणि ते नगर जिल्ह्यात राहून झालेलं मत आहे. आमच्याकडे फोटो काढायचे म्हणजे ओसरीत, चुलीपाशी, एसटी स्टँडवर, सप्ताहाच्या मांडवात. जुन्या घराच्या माजघरात ५० लावून उभे राहा, चार माणसं मावेपर्यंत तुमची पाठ भिंतीला टेकलेली असेल. ज्येष्ठात निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, त्या दिंडीत शिरून चालताना ३५ लावलेली असली की अंतर साधारण तीन मीटरवर ठेवून द्यायचं, छिद्र एफ ८ ला, आणि फोकस विसरून जायचं. कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात फिरला तो मुख्यतः ५० वर, हे मला माहीत आहे, भाच्याने ते सुनावलंही. पण तो कार्तिए-ब्रेसाँ होता.

रेंजफाइंडरचा खरा फायदा दिंडीत कळतो. खिडकीत चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. कोण आत येतंय, कोण डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरतंय, हे आधीच दिसतं. शिवाय आरसा नसल्यामुळे फोटो निघताना डोळ्यांपुढे अंधार होत नाही. आवाज कमी असतो याचं कौतुक पुस्तकांमध्ये फार असतं. टाळ-मृदंगात शटरचा आवाज कुणाला ऐकू जाणार! प्रवचनात मात्र तो गुण कामी येतो.

आणि काय जमत नाही तेही सांगतो. रेहेकुरीचे काळवीट जमत नाहीत. १३५ च्या पुढे रेंजफाइंडरची धाव संपते. भंडारदऱ्याचे काजवेही डिजिटलवर सोडा. आणि जुन्या आट्यांच्या लेन्स साधारण एक मीटरच्या आत फोकसच करत नाहीत, त्यामुळे नातवाच्या पापण्या वगैरे विसरा.

आता माउंटचं. हा भाग कंटाळवाणा आहे पण पैसे इथेच वाचतात. १९३० च्या दशकातल्या लायकांना ३९ मिमीच्या आट्यांची लेन्स लागायची, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. एम३ बरोबर बायोनेट आलं, घातली, थोडी फिरवली, टक्. पण करताना त्यांनी शहाणपणा केला. जुन्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत २८.८ मिमी अंतर होतं, नव्यात २७.८ ठेवलं. नेमका एक मिमीचा फरक. म्हणून एक मिमी जाडीची कडी मध्ये टाकली की आट्यांची कोणतीही लेन्स एम बॉडीवर बसते. उलटं होत नाही, एमची लेन्स आट्यांच्या बॉडीवर कधीच बसणार नाही. म्हणजे आट्यांची लेन्स घेतली की ती रशियन झोर्कीवर चालते, कॅनन पी आणि कॅनन ७ वर चालते, बेसा आर वर चालते, आणि उद्या खरंच लॉटरी लागली तर लायका एमवरही चालते. पैसे लेन्समध्ये घाला म्हणतो ते याच हिशेबाने. कोसिनाची ३५ मिमी एफ २.५ कलर स्कोपार ही माझ्या मते या सगळ्या बाजारातली सर्वांत समजूतदार खरेदी आहे. छोटी आणि तीक्ष्ण, शिवाय पुढची काच शाबूत असलेली सापडते.

रशियन ज्युपिटर-८, म्हणजे ५० मिमी एफ २, हीसुद्धा सुंदर लेन्स आहे, झाइसच्या सोनारची वंशज. फक्त ती दोन प्रकारांत मिळते. झोर्की आणि फेडसाठी आट्यांची, आणि किएव्हसाठी काँटॅक्स पद्धतीची. नाव एकच, काच एकच, आणि चुकीची घेतली तर पेपरवेट. तशीच खबरदारी सोनेरी 'लायका'बद्दल. जुन्या बाजारात स्वस्तात, गरुड-बिरुड कोरलेला लायका दिसला तर लेन्स काढून आत बघा. फोकससाठी लेन्सला टेकणारी कळ गोल चाकाची असेल तर तो लायका असू शकतो. पाचरीसारखी तिरकी असेल तर तो फेड किंवा झोर्की, वेषांतर केलेला. मला मुंबईत एकाने असा दाखवला होता. कळ बघून मी परत दिला, तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला कळतंय म्हणून सांगतो..." आणि किंमत निम्म्यावर आणली.

झोर्की घेणार असाल तर एक नियम पाळायचा. शटरचा वेग नेहमी रोल पुढे ओढल्यानंतरच बदलायचा. आधी बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

नगरच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. लायका, झोर्की, फेड यांचं शटर कापडाचं. मध्ये आरसा नसल्याने कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर सूर्याकडे तोंड करून पडला, तर लेन्स बहिर्गोल भिंगाचं काम चोख करते आणि शटरला भोक पाडते. शाळेत आपण कागद जाळायचो तसंच. कॅनन पी, कॅनन ७ आणि बेसाचं शटर धातूचं. मे महिन्यात जामखेड-पाथर्डीकडे फिरणाऱ्याने याला किंमत द्यावी. लेन्सला झाकण लावणं हाही उपाय आहे, पण रेंजफाइंडरमध्ये झाकण लावलेलं असतानाही खिडकीतून सगळं छान दिसत राहतं. पुढचं कळलं ना?

विकत घेण्यापूर्वी काय तपासायचं? लेन्समधून बॅटरीचा झोत टाकून बुरशी बघा. आपल्या कोरड्या हवेत ती कमी, पण अकोल्याच्या घाटाकडच्या किंवा कोकणातल्या माळ्यावरून आलेली लेन्स असेल तर जपून. आणि रेंजफाइंडर जुळलेला आहे का ते बघायला आमच्याकडे फुकटची सोय आहे. गच्चीवर जा, लेन्स अनंतावर ठेवा आणि दूर डोंगरावरच्या चांदबिबी महालावर चौकोन धरा. (तो महाल चांदबिबीचा नाही, सलाबतखानाची कबर आहे, पण ते भांडण पुन्हा कधीतरी.) दोन महाल दिसले तर कॅमेरा दुरुस्तीला जाणार. आणि दुरुस्ती हाच आजचा खरा प्रश्न आहे. असे कॅमेरे उघडणारे हात आता मोजके आणि वयस्कर. बॉडी घेण्याआधी ती कोण दुरुस्त करेल त्याला एक फोन करावा.

लायका वाईट असतो असं मी म्हणत नाही. १९८४ चा एम६ त्यांनी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला, अमेरिकेत पाच हजार डॉलरच्या वर किमतीत, आणि तो उत्तमच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. तो घेतल्यावर भाच्याकडे लेन्सला पैसे उरणार नाहीत आणि रोललाही. मग अजून वर्षभर थांबणं आलं. त्याची आजी, म्हणजे माझी आई, आता पंच्याऐंशीची आहे. वर्षभर थांबायचं कशासाठी?

हे फिल्मवरच का, तेही सांगतो. मोबाईलवर फोटो काढला की आई लगेच "दाखव" म्हणते आणि बघून "काढून टाक ते" म्हणते. तिचे गेल्या दहा वर्षांतले चांगले फोटो असे तिच्याच हुकमाने गेलेत. २००५ ते २०११ चे सगळ्या घराचे डिजिटल फोटो ज्या हार्डडिस्कवर होते ती एका सकाळी उठलीच नाही, वडिलांच्या एकसष्टीसकट. याउलट बिस्किटाच्या डब्यातल्या १९७८ च्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह परवा उजेडात धरल्या, तर आजोबांच्या फेट्याच्या घड्यासुद्धा मोजता आल्या.

म्हणून भाच्याला सांगितलंय, लायकाचे पैसे बँकेत ठेव आणि सुरुवात कॅनोनेट क्यूएल१७ ने कर. ४० मिमी एफ १.७ ची लेन्स, बदलता येत नाही, म्हणून बदलायचा मोहही नाही. तिला पूर्वी १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. पण श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी कडी घालून चालते, आणि ती आईच्या खणात पाकीटभर आहे. बॅटरी नसली तरी कॅनोनेट हाताने चालतो. याशिका इलेक्ट्रो बॅटरीशिवाय एकाच वेगावर अडतो, म्हणून तो दुसरा. भर उन्हात तसंही मीटर लागत नाही. ४०० चा रोल असेल तर एफ १६ आणि पाचशेवा सेकंद, सावलीत आलात की छिद्र तीन घरं उघडा. वर्षभरात वीस रोल संपले आणि हात ३५-४० च्या नजरेला सरावला, तर पुढच्या दिवाळीत बेसा आणि स्कोपार. नाही सरावला, ५० हवीशी वाटली, तर कॅनन पी.

काळा-पांढरा रोल घरीच धुवायचा. डेव्हलपरला साधारण २० अंशांचं पाणी लागतं आणि आमच्या टाकीतलं एप्रिलमध्ये हाताला चटका देतं. माठातलं घ्यायचं आणि बर्फाचे दोन खडे.

आणि काळी बॉडी की क्रोम, हे कोणीतरी विचारणारच. क्रोम. काळी उन्हात तापते, आणि वर दोन हजार जास्त मागतात.