कळांआधीची तयारी

प्रसूतीपूर्व संमोहन म्हणजे बेशुद्धी नव्हे. लांब श्वास, सैल सोडलेला जबडा आणि ठरावीक सूचना यांच्या आधारे लक्ष एकवटून कळांची भीती ओसरू देण्याचा तो सराव असून, गर्भवती त्यात पूर्ण भानावर असते. 2016च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे 2,954 स्त्रियांवरील 9 चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात, वेदनाशामकांचा वापर त्यामुळे घटू शकतो असे दिसले, मात्र नैसर्गिक प्रसूती वाढल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, हे संमोहन वर्गांच्या जाहिरातींत लपवले जाऊ नये. पनवेल तालुक्यातील आपटा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातील आदिवासी वाड्यांना असे महागडे वर्ग परवडणारे नाहीत. श्वासाचा सराव मात्र आशाताई आणि परिचारिका तपासणीच्या दिवशी विनामूल्य शिकवू शकतील. आरोग्य विभागाने त्यांना तसे प्रशिक्षण द्यावे.