रोज वीस किलो चुना

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, चुनखडीच्या तोलात मोजून लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल, तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. या दोन आकड्यांच्या बरोबर मधला 400 हा आकडा धरून एक साधा हिशेब मांडता येतो. शंभर सदनिकांच्या सोसायटीला रोज 50 हजार लिटर पाणी लागते. म्हणजे रोज 20 किलो आणि महिन्याला 600 किलो चुनखडीच्या तोलाचे क्षार पंपाने गच्चीवर चढवले जातात. त्यातले बरेचसे गटारात जातात. उरलेले गिझरच्या कॉइलवर, शॉवरच्या छिद्रांत, सोलरच्या नळ्यांत आणि वॉशिंग मशीनच्या पोटात घर करतात. मानकाची मर्यादा मात्र कुठेच मोडलेली नसते, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

पुण्यात आज दोन प्रकारचे पाणी नांदते. पेठांत, कोथरूडला, शिवाजीनगरला येते ते खडकवासला साखळीतील धरणांचे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून झपाट्याने वाहून पानशेत-वरसगावात साठतो. खडकातले क्षार विरघळवून घ्यायला त्याला सवड मिळत नाही, म्हणून हे पाणी मऊ. दुसरे पाणी बोअरचे आणि खासगी टँकरचे. वाघोली, पिसोळी, उंड्री, म्हाळुंगे, सूस अशा वाढत्या टोकांवर अनेक सोसायट्यांचा भार त्यावर आहे. जमिनीत मुरणारे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, बेसॉल्टच्या भेगांत रेंगाळते आणि त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत राहते. मुक्काम जितका लांबतो, तितके ते जड होते. या दगडाची दौलत पाहायची, तर वाघोलीच्या खाणींकडे पाहावे. तिथल्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणारे निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना हवे असते. तेही कॅल्शियमचेच खनिज.

या जडपणाची पहिली खबर लागते ती स्वयंपाकघरात. कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या तरी डाळीत गणंग राहतात, कारण पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करते. मग चिमूटभर खायचा सोडा पडतो. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी पांढरे पुट बसते. साबणाचा फेस होण्याआधी चोथा होतो, टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक लागतो, बेसिनचा नळ व्हिनेगरने घासावा लागतो. गिझरचे दुखणे जास्त महागाचे. कॉइलवरचा थर उष्णता अडवतो, तेवढेच पाणी तापवायला वीज जास्त जाते आणि शेवटी कॉइलच जळते. सौर बंब बसवला म्हणून महापालिका मिळकतकरात सवलत देते, पण क्षारांनी चोंदलेल्या बंबाची सफाई सोसायटीला पदरमोड करूनच करावी लागते.

हा पैशाचा त्रास आहे. आजाराचा बागुलबुवा मात्र त्यावर चढवू नये. पाण्याच्या कठीणपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जड पाण्याने मूतखडा होतो हे चाळीचाळीत सांगितले जाते, पण तसा थेट संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. त्वचेच्या इसबाबद्दल ब्रिटनमध्ये जड पाण्याच्या भागातील 336 मुलांवर रीतसर चाचणी झाली. घरात पाणी मऊ करणारे यंत्र बसवूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा झाला नाही, असा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या दूषिततेचा असतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्याच नांदेड, किरकिटवाडी परिसरात गीया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि तिथल्या पाणीपुरवठ्याची विहीर संशयाच्या घेऱ्यात आली. तिथे प्रश्न जंतूंचा होता, क्षारांचा नव्हे.

लोकांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही, आणि बाजार नेमका तिथेच शिरतो. धरणाचे मऊ पाणी मिळणाऱ्या घरांतही भिंतीवर आरओ लटकतो. मुळात क्षार कमी असलेल्या पाण्यातून उरलेसुरले क्षार काढायचे आणि एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडायचे, असा हा उद्योग आहे. विरघळलेले घटक लिटरमागे 500 मिलिग्रॅमहून कमी असतील, तिथे आरओला मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितले होते. विक्रेता मात्र आपले छोटे मीटर पेल्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरातल्या आजीला घाबरवतो.

टोकावरच्या सोसायट्यांनी वेगळी वाट धरली आहे. त्यांनी तळमजल्यावर सामाईक सॉफ्टनर बसवले. त्यातली राळ पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. राळ थकली की तिला मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करायचे. नळ, गिझर, कपडे सगळे सुधारते, यात शंका नाही. पण वर मांडलेल्या 20 किलो क्षारांसाठी किमान 23 किलो मीठ लागते, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट. म्हणजे रोज जवळपास एक पोते. ते सगळे खारे पाणी सांडपाण्यात जाते. सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प मैला काढतो, मीठ काढू शकत नाही. त्या पाण्यावर बाग पोसली, तर माती बिघडते. नाल्यात सोडले, तर ते मुळा-मुठेत जाते. शिवाय मऊ केलेल्या त्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 180 मिलिग्रॅम सोडियमची भर पडलेली असते. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाला ते कळवायला नको का?

हे सारे भूगर्भाने लादले, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. खडक कोट्यवधी वर्षांपासून तिथेच आहे. मधल्या काळात बदलल्या त्या बांधकाम परवानग्या. आधी इमारती उठल्या आणि पाण्याची वाहिनी नंतर कधीतरी येईल म्हणून सांगितले गेले. 2017 मध्ये 11 गावे पालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. खडकवासला गावसुद्धा तेव्हाच हद्दीत आले. पालिकेचे पाणी पोहोचेपर्यंत पुरवठ्याची जबाबदारी बिल्डरच्या हमीपत्रावर सोडली गेली. त्या कागदात पाणी किती, हे असते. कसे, हे विचारलेले नसते. बिल्डर सोसायटी हवाली करून निघून जातो, टँकरचे बिल रहिवाशांच्या नावे होते आणि टँकर कोणत्या विहिरीवर भरला, हे त्याच्या चालकाखेरीज कोणाला ठाऊक नसते.

दुसरीकडे हाच प्रश्न सार्वजनिक मानला जातो. लंडनचे पाणी चुनखडीच्या प्रदेशातले, म्हणून जड. पण तिथला रहिवासी आपला पोस्टकोड टाकून घरच्या पाण्याचा कठीणपणा पाहू शकतो. नेदरलँड्समध्ये पाणी बऱ्याच ठिकाणी शुद्धीकरण केंद्रातच मऊ केले जाते. त्यातून निघणाऱ्या चुन्याच्या गोळ्या पुन्हा वापरात येतात आणि घरोघर मिठाची पोती ओतावी लागत नाहीत.

पावसाच्या पाण्याचा उपाय नेहमी सांगितला जातो, त्याचाही प्रामाणिक हिशेब करावा. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्याचा 700 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला 80 टक्के हाती लागला, तर 5 लाख 60 हजार लिटर पाणी मिळते. त्या शंभर घरांची सगळी गरज त्यात 11 दिवस भागेल. तेच वर्षभर पुरवले, तर घरामागे रोज 15 लिटर येतात, म्हणजे पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरेसे मऊ पाणी. अडचण साठवणीची आहे. एवढी टाकी बांधायला जागा नसेल, तर पाणी बोअरमध्ये मुरवावे. त्याने निदान तिथला क्षार पातळ होतो.

महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) यासाठी नवा प्रकल्प जाहीर करण्याची गरज नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे; प्रयोगशाळा आहेत, कायदाही आहे. बांधकामाला परवानगी देताना पाण्याच्या स्रोताचा आणि कठीणपणाचा अहवाल मागावा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या माहितीत टाकावा, म्हणजे सदनिका घेणाऱ्याला चटईक्षेत्राइतकेच पाणीही आधी तपासता येईल. टँकरवर भरणा केंद्राचे नाव आणि ताज्या तपासणीचे आकडे लिहिणे बंधनकारक करावे. प्रभागवार कठीणपणा दर तीन महिन्यांनी जाहीर करावा, त्यात धरणाच्या मऊ पाण्याचे प्रभागही असावेत, म्हणजे आरओची अनावश्यक खरेदी तरी थांबेल. आणि जिथे वाहिनी पुढची पाच वर्षे पोहोचणार नाही, तिथे पाणी मऊ करण्याचा खर्च हमीपत्र देणाऱ्या बिल्डरने उचलावा, अशी अट पुढच्या प्रत्येक परवानगीत घालावी.